गाठीवरचा पहिला छेद चुकू नये

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखू लागला, तर सातारा-सांगलीकडे त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पोलिस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणे, तालमीतली झटापट, कबड्डीचा सराव, दुचाकीवरून झालेली घसरण. काहीतरी कारण हाताशी असतेच. मग तेल-मालिश होते, लेप लागतो, मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या येतात, कोणी हाडवैद्याचा पत्ता सांगतो. बहुतेक वेळा दुखणे थांबते आणि विषय संपतो. क्वचित मात्र ते थांबत नाही. रात्री झोपेतून उठवते, आणि दोन-तीन महिन्यांनी गुडघ्याच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला सूज दिसू लागते. अशा वेळी हाडातच कर्करोगाची गाठ वाढत असण्याची शक्यता असते. या प्रकारच्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात.

या आजारात तरुण रुग्णाचे नुकसान दोन ठिकाणी होते. पहिले, निदानाला उशीर होतो. दुसरे म्हणजे गाठीला पहिली सुई किंवा पहिला छेद चुकीच्या जागी, पुरेशा तपासणीआधी दिला जातो. नवी औषधे येतील तेव्हा येतील. हे दुसरे नुकसान आहे त्या साधनांत, आजच थांबवता येते. त्यासाठी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एक साधा नियम रुजायला हवा. पाच सेंटिमीटरहून मोठी, खोलवर असलेली किंवा वाढत जाणारी गाठ एमआरआय आणि योग्य जागी केलेल्या बायोप्सीशिवाय कोणीही कापू नये.

नाव ऐकलेले, आजार अनोळखी

‘सार्कोमा’ हा शब्द अनेकांनी पहिल्यांदा ऐकला तो १९७१ च्या ‘आनंद’ चित्रपटात. नायकाला आतड्याचा ‘लिम्फोसार्कोमा’ झालेला असतो. गंमत अशी, की त्या आजाराची गणना आज सार्कोमात होतच नाही. तो लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग मानला जातो. म्हणजे घराघरांत पोहोचलेला एकमेव सार्कोमा हा खरा सार्कोमा नव्हता. खऱ्या सार्कोमाची ओळख समाजाला अजून व्हायची आहे.

आपल्याकडे ज्या कर्करोगांविषयी बोलले जाते ते बहुतेक अवयवांच्या अस्तरातून सुरू होतात: तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा. सार्कोमा मात्र हाड, स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या अशा शरीराला आधार देणाऱ्या भागांतून उगवतो. प्रौढांच्या सर्व कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम एक टक्का आहे; लहान मुलांत आणि किशोरवयात तो त्याच्या कितीतरी पट अधिक असतो. त्यातही सत्तरहून अधिक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे वागणे वेगळे.

तरुण वयात भेटणारे काही प्रकार माहीत असलेले बरे. ऑस्टिओसार्कोमा बहुधा उंची झपाट्याने वाढण्याच्या वर्षांत, गुडघ्याच्या आसपासच्या हाडांत होतो. युईंग सार्कोमा मांडी, कंबरेचे हाड, बरगडी, मणका अशा ठिकाणी होतो आणि सोबत ताप आणू शकतो. सायनोव्हियल सार्कोमा हात-पायांत, बऱ्याचदा सांध्याजवळ, कधी कधी वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. न दुखणारी छोटी गाठ म्हणून त्याकडे कोणी पाहतही नाही. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा स्नायूंच्या पेशींशी साधर्म्य असलेला कर्करोग आहे. डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमर हा अत्यंत दुर्मीळ आणि आक्रमक प्रकार मुख्यतः तरुण मुलांच्या पोटात आढळतो. १९८९ च्या सुमारास तो वेगळा आजार म्हणून ओळखला गेला.

यांपैकी एकही मार लागल्याने होत नाही. पडल्यानंतर त्या जागेकडे लक्ष जाते आणि आधीच असलेली गाठ हाताला लागते, एवढेच. तंबाखू, खाणेपिणे, व्यायाम यांच्याशीही त्याचा थेट संबंध नाही. पूर्वी घेतलेले रेडिएशन किंवा काही आनुवंशिक दोष थोड्या रुग्णांत कारणीभूत असतात. बाकीच्यांत कारण सापडत नाही. त्यामुळे ‘आम्हीच त्याला भरतीच्या मागे लावले’ असा दोष आईवडिलांनी स्वतःला देण्याचे कारण नाही.

डॉक्टरला दुर्मीळ, जिल्ह्याला नाही

२०११ च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आणि सांगलीची सुमारे २८ लाख होती. हाडांतून सुरू होणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण वर्षाला लाखामागे साधारण एक असे धरले, तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून दरवर्षी पन्नास-साठ नवे रुग्ण होतात. स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांतले सार्कोमा त्यात मिळवले की आकडा आणखी वाढतो. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जत, आटपाडी, माण, खटाव किंवा पाटणच्या एखाद्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला अख्ख्या कारकिर्दीत असा एखाद-दुसरा रुग्ण येतो. जिल्ह्याच्या पातळीवर मात्र हा आजार दर महिन्याला कोणाच्या तरी दारात उभा असतो.

दिवसाला साठ-सत्तर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला वीस वर्षांत एकदा येणारा आजार आठवला नाही, तर त्यात नवल नाही. म्हणून सगळा भार एकट्या डॉक्टरच्या स्मरणशक्तीवर टाकणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही. जे आठवणीवर चालत नाही ते नियमावर चालवावे लागते.

पहिला नियम दुखण्याविषयी. वीस-पंचविशीच्या आतल्या व्यक्तीचे एकाच जागचे हाडाचे दुखणे तीन आठवड्यांहून अधिक टिकले, रात्री किंवा विश्रांतीतही राहिले, गोळी बंद करताच परत आले, किंवा त्या जागी सूज दिसली, तर एक्स-रे काढायचा. ‘वाढीचे दुखणे’ हे निदान अशा वेळी चालत नाही. ते दुखणे लहान मुलांत, बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी होते आणि सकाळी मूल पुन्हा उड्या मारते. एकाच गुडघ्याला महिनाभर धरून बसलेले सतरा वर्षांच्या मुलाचे दुखणे त्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये तर मुलांच्या व तरुणांच्या हाडाला विनाकारण सूज किंवा दुखणे असेल, तर ४८ तासांत एक्स-रे काढावा अशी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे. एक्स-रेची सोय आपल्याकडे तालुक्याच्या गावी असते आणि इतर तपासण्यांच्या मानाने ती स्वस्त आहे. एक्स-रे साधा दिसला आणि दुखणे राहिलेच, तर मात्र पुन्हा तपासायला हवे. कंबरेच्या हाडातली किंवा मणक्यातली गाठ पहिल्या फोटोत लपू शकते.

दुसरा नियम गाठीविषयी. चरबीच्या निरुपद्रवी गाठी पुष्कळ असतात, त्या बहुधा लहान, मऊ आणि कातडीखाली सरकणाऱ्या असतात. गाठ मोठ्या लिंबाएवढी, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठी असेल, स्नायूच्या आत खोल असेल, वाढत असेल, दुखत असेल, किंवा एकदा काढून पुन्हा आली असेल, तर ती सार्कोमा नाही हे सिद्ध होईपर्यंत तिला सार्कोमाच समजायचे. अशा गाठीला हाडवैद्याचे मालिश नको आणि घाईने कापणेही नको.

सोपी वाटणारी शस्त्रक्रिया

मऊ भागातला सार्कोमा वाढताना आजूबाजूच्या पेशी दाबतो आणि त्याभोवती एक पातळ कवच तयार होते. छेद घेतला, की शेंगेतून दाणा निघावा तशी गाठ सहज सुटून येते. शस्त्रक्रिया छान झाली असे सर्वांना वाटते. परंतु ते कवच खरे नसते. त्यात आणि त्याच्या बाहेरही कर्करोगाच्या पेशी असतात. त्या मागे राहतात, रक्तासोबत आजूबाजूच्या स्नायूंत पसरतात. नंतर योग्य ठिकाणी गेल्यावर तिथला सर्जन आधीची संपूर्ण जागा दूषित धरून, भोवतीचा निरोगी भागही घेऊन पुन्हा शस्त्रक्रिया करतो. जी गाठ एका शस्त्रक्रियेत निघाली असती तिच्यासाठी दोन, कधी त्वचा-स्नायू दुसरीकडून आणून लावण्याची तिसरी, आणि क्वचित पाय गमावण्याची वेळ येते.

बायोप्सीचेही तसेच आहे. सुई ज्या वाटेने आत जाते त्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडलेल्या असू शकतात, म्हणून अंतिम शस्त्रक्रियेत ती वाटही काढून टाकावी लागते. छेद हाताच्या किंवा पायाच्या लांबीला समांतर असेल तर हे जमते. आडवा असेल तर फार मोठा भाग कापावा लागतो. सुई मांडीच्या चुकीच्या बाजूने गेली, तर वाचवता आला असता तो पाय वाचत नाही. अमेरिकेतील सर्जन हेन्री मॅनकिन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ५९७ रुग्णांच्या बायोप्सींचा आढावा घेतला. त्यातील १८ रुग्णांचा अवयव केवळ बायोप्सीतील चुकांमुळे विनाकारण कापावा लागला होता. अंतिम उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी आधीच्या रुग्णालयात बायोप्सी झाली असेल, तर चुका आणि गुंतागुंतीचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त होते. याच गटाने १९८२ मध्येही असाच इशारा दिला होता. मधल्या चौदा वर्षांत परिस्थिती फारशी सुधारली नव्हती, यावरून ही चूक किती चिवट आहे ते कळते.

म्हणून जगभरातील सार्कोमा केंद्रांत शिस्त एकच असते. आधी एमआरआय, मग बायोप्सी. आणि बायोप्सी शेवटची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच किंवा त्याने आखून दिलेल्या जागेतूनच. एमआरआय आधी करायचा, कारण सुई घातल्यावर होणारा रक्तस्राव आणि सूज चित्र बिघडवते.

आणखी एक बाब छोटी दिसते, पण तिची किंमत मोठी असते. लहान रुग्णालयांत काढलेली गाठ ‘साधीच आहे’ म्हणून तपासणीला पाठवली जात नाही. तेवढेच रुग्णाचे पैसे वाचवले, असा त्यामागे भाव असतो. सहा महिन्यांनी गाठ त्याच जागी पुन्हा येते तेव्हा आधी काय काढले होते हे सांगायला कोणाकडे काही नसते. शरीरातून काढलेली प्रत्येक गाठ फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे. रिपोर्टसोबत मेणाचा ‘ब्लॉक’ आणि काचेच्या ‘स्लाइड’ मागून घेण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरावा. पुढच्या रुग्णालयात त्या कागदाहून अधिक उपयोगी पडतात.

सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या पेशी

योग्य तुकडा हाती आला तरी निदान सोपे नसते. युईंग सार्कोमा, ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, डेस्मोप्लास्टिक ट्यूमर, काही लिम्फोमा हे सगळे सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल, निळ्या पेशींचे थवे म्हणून दिसतात. त्यांचे उपचार मात्र वेगवेगळे आहेत. फरक करण्यासाठी विशिष्ट प्रथिने रंगवून पाहणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री आणि गुणसूत्रांची अदलाबदल शोधणारी जनुकीय तपासणी लागते. युईंग सार्कोमात ११ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि बहुसंख्य रुग्णांत त्यातून एक नवे, घातक जनुक तयार होते. डेस्मोप्लास्टिक ट्यूमरमध्येही याच दोन गुणसूत्रांची अदलाबदल असते, पण तुटण्याची एक जागा वेगळी. तेवढ्या फरकावर आजाराचे नाव, उपचार आणि भवितव्य बदलते.

फ्रान्स आणि इटलीतील तीन विभागांत १४६३ सार्कोमा रुग्णांचे नमुने तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टकडे पुन्हा तपासले गेले. मूळ निदान पूर्णपणे जुळले ते केवळ ५६ टक्के रुग्णांत. ८ टक्क्यांत ते पूर्ण वेगळे निघाले आणि उरलेल्यांत अंशतः जुळले. ही युरोपातील सुसज्ज आरोग्यव्यवस्थांची स्थिती असेल, तर सांगलीच्या एका प्रयोगशाळेत एकट्याने बसून असा नमुना पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने दुसरे मत मागितले, तर त्याची पत कमी होत नाही, वाढते.

आपल्या भागात यात क्षयरोगाची भर पडते. हाडाचा क्षय आणि हाडातील पू झालेला जंतुसंसर्ग हे दोन्ही आजार इथे नेहमीचे. युईंग सार्कोमात ताप येतो, रक्तातील ईएसआर वाढतो, गाठीतून कधी पूसारखा द्राव निघतो. चित्र जंतुसंसर्गासारखेच दिसते. मग प्रतिजैविके किंवा क्षयाची औषधे सुरू होतात आणि ‘औषध लागू पडायला वेळ लागतो’ म्हणत महिने जातात. हाडाच्या क्षयावर उपचार सुरू करण्याआधी शक्य तेव्हा ऊतीचा नमुना तपासावा. आणि पू म्हणून काढलेला द्रावही जंतूंसोबत पेशींच्या तपासणीला पाठवावा. ही सवय क्षयाच्या रुग्णांच्याही हिताची आहे, कारण औषधांना दाद न देणारे जंतू त्यातूनच लवकर कळतात.

आशा ठेवण्याजोगे आकडे

हाडाचा कर्करोग म्हणजे पाय कापायचा आणि तरीही माणूस जायचा, ही समजूत गावागावांत आहे. पूर्वी ती बरीचशी खरी होती. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ऑस्टिओसार्कोमाच्या काही रुग्णांवर केवळ शस्त्रक्रिया झाली, तर काहींना त्यानंतर केमोथेरपी दिली गेली. दोन वर्षांनी आजार न उलटलेले रुग्ण पहिल्या गटात १७ टक्के होते, दुसऱ्या गटात ६६ टक्के. कारण सरळ आहे. गाठ दिसते तेव्हा तिच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी बहुतेकांच्या फुप्फुसात आधीच पोहोचलेल्या असतात. त्यांना सर्जनची सुरी गाठू शकत नाही, औषध गाठते.

शस्त्रक्रियेआधीच केमोथेरपी सुरू करण्याची पद्धत कशी आली, तेही सांगण्यासारखे आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात हाड काढून त्या जागी धातूचा सांधा बसवण्याचे प्रयत्न सुरू होते. प्रत्येक रुग्णाच्या मापाचा सांधा बनायला वेळ लागे. तेवढे दिवस रुग्णाला नुसते बसवून ठेवण्याऐवजी केमोथेरपी देऊ, असे डॉक्टरांनी ठरवले. गाठी मरू लागल्या, शस्त्रक्रिया सोपी झाली आणि कोणत्या रुग्णात औषध लागू पडते हेही काढलेल्या हाडातून कळू लागले. आज शरीरात इतरत्र न पसरलेल्या ऑस्टिओसार्कोमाचे साठ ते सत्तर टक्के रुग्ण चांगल्या केंद्रांत पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात; युईंग सार्कोमाचेही चित्र जवळपास तसेच आहे. बहुसंख्य रुग्णांचा हात किंवा पाय वाचवता येतो.

भारतातील डॉक्टरांनी यात आपली वाट शोधली आहे. परदेशी सांधे परवडत नाहीत म्हणून चेन्नईत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून देशी बनावटीचे मोठे सांधे बसवले जाऊ लागले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानेही स्वदेशी सांधा विकसित केला. ऑस्टिओसार्कोमाच्या पाश्चात्त्य उपचारांत मेथोट्रेक्सेट हे औषध प्रचंड मात्रेत देतात आणि रक्तातील त्याची पातळी वारंवार मोजावी लागते. ते खर्चिक आणि जोखमीचे असल्याने टाटाच्या तज्ज्ञांनी त्याशिवायची ‘ओजीएस-१२’ ही उपचारपद्धती बसवली. म्हणजे मार्ग आहे, आणि तो आपल्या परिस्थितीला जुळवूनही घेतलेला आहे.

मात्र मधेच उपचार सोडले तर हे आकडे लागू होत नाहीत. केमोच्या एक-दोन फेऱ्यांनंतर दुखणे थांबते, सूज ओसरते आणि घरच्यांना वाटते, बरे झाले. तोवर पैसेही संपत आलेले असतात. मग शस्त्रक्रियेची तारीख टळते, कोणीतरी जडीबुटीचा पत्ता देतो, आणि रुग्ण परत येतो तेव्हा फुप्फुसात गाठी झालेल्या असतात. दुखणे थांबणे म्हणजे आजार संपणे नव्हे, हे पहिल्या दिवशी घरातल्या कर्त्या माणसाला बसवून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

सगळ्यांनीच मुंबईला जावे काय?

या नियमावर पहिला आक्षेप हाच येईल. कोल्हापूरहून निघणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, साताऱ्याचे कितीतरी कर्करोग रुग्ण रोज रात्री मुंबईकडे नेते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांनी अशा हजारो कुटुंबांना आसरा दिला आहे. पण वर्षभर चालणाऱ्या उपचारांसाठी ऊस, जनावरे, धाकट्या भावंडांची शाळा सोडून परळमध्ये राहणे प्रत्येक घराला जमणारे नाही.

त्याची गरजही नाही. प्रत्येक टप्प्यासाठी रुग्णाला न्यावे लागत नाही. बऱ्याच वेळा एमआरआयची सीडी, स्लाइड आणि ब्लॉक प्रवास करू शकतात. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल सुरू झाल्यापासून मिरज हे दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील रुग्णांचे गाव आहे. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे, मिरज, सातारा आणि कोल्हापुरात कर्करोगाचे उपचार करणारी रुग्णालये आहेत. केमोथेरपीच्या फेऱ्या, त्या दरम्यानच्या रक्ततपासण्या, ताप आल्यास तातडीने दाखल करणे, शस्त्रक्रियेनंतरची फिजिओथेरपी हे सारे घराजवळ होऊ शकते, किंबहुना व्हावे. बायोप्सीची आखणी, निदानावर शिक्कामोर्तब आणि मुख्य शस्त्रक्रिया एवढे वर्षाला असे पुष्कळ रुग्ण पाहणाऱ्या केंद्राकडे असावे.

असे वाटून घेतलेले काम परिणामकारक ठरते. फ्रान्समध्ये सार्कोमा केंद्रांचे जाळे उभारल्यानंतर १२,५२८ रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांचे प्रकरण उपचारांआधी तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीत मांडले गेले, त्यांच्यात तपासण्या नीट झाल्या आणि आजार उलटण्याचे प्रमाण कमी राहिले. आपल्याकडे २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज ३०० हून अधिक संस्था आहेत. सांगली-साताऱ्याच्या डॉक्टरांना हे जाळे नव्याने विणायचे नाही, त्याला आपली दोरी जोडायची आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशनचा समावेश आहे. योजनेचे संरक्षण सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत नेण्याचा आणि मर्यादा पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. परंतु निदान पक्के होईपर्यंतचा खर्च, म्हणजे एमआरआय, बायोप्सी, जनुकीय तपासणी आणि फेऱ्या, बहुतेकदा कुटुंबाच्या खिशातून जातो. नेमका हाच टप्पा चुकला की पुढचे सगळे महागते. संशयित सार्कोमाच्या रुग्णाला निदानापूर्वीच्या तपासण्या जिल्हा रुग्णालयातून विनामूल्य मिळाल्या, तर वर्षाला काही शेकडा तपासण्यांचाच प्रश्न आहे. सरकारी अंदाजपत्रकात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही.

तिसरा आक्षेप, प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याचा एक्स-रे काढला तर घबराट पसरेल. नियम प्रत्येक गुडघ्यासाठी नाही. तीन आठवडे, रात्रीचे दुखणे, सूज या अटी त्यासाठीच आहेत. त्या अटींत बसणाऱ्यांतही बहुतेकांचा एक्स-रे निर्धोकच निघेल, आणि निर्धोक एक्स-रे हातात घेऊन घरी जाणे ही काही वाईट गोष्ट नाही.

वेळेत निदान म्हणजे हमी नव्हे, हेही प्रामाणिकपणे मांडायला हवे. काही सार्कोमा पहिल्या दिवसापासूनच पसरलेले असतात. डेस्मोप्लास्टिक ट्यूमरसारख्या आजारात सर्व उपचार होऊनही थोडेच रुग्ण दीर्घकाळ जगतात. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी अशा आजाराने गेली, त्या घराला ‘लवकर का नाही आलात’ असे विचारणे क्रूरपणाचे आहे. आजाराचा स्वभाव कोणाच्या हातात नसतो. पहिला छेद मात्र हातात असतो.

वय विसरून चालणार नाही

हे रुग्ण लहान मुले नसतात आणि पन्नाशीचेही नसतात. बारावीची परीक्षा, भरतीची वयोमर्यादा, ठरलेले लग्न, नुकतीच लागलेली नोकरी यांच्यामध्ये हा आजार येतो. मुलांच्या वॉर्डात ते मोठे ठरतात आणि प्रौढांच्या वॉर्डात एकटे पडतात. त्यांच्याशी थेट बोलण्याऐवजी वडिलांशी किंवा मामाशी बोलले जाते. एकोणीस वर्षांच्या मुलीला आपल्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा कायद्याने हक्क आहे, हे घर आणि दवाखाना दोघेही विसरतात.

सर्वांत जास्त टाळला जाणारा विषय म्हणजे पुढे मूल होण्याची क्षमता. इफॉस्फामाइड आणि सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांचा तिच्यावर परिणाम होऊ शकतो. मुलांचे वीर्य गोठवून ठेवायला एक-दोन दिवस पुरतात. मुलींसाठी बीजांडे साठवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि ते प्रत्येकीला शक्य असेलच असे नाही. पण हे पहिल्या केमोआधीच विचारावे लागते, नंतर विचारून उपयोग नसतो. लाजेपोटी न विचारलेला हा प्रश्न बरे झालेल्या तरुणाच्या समोर दहा वर्षांनी उभा राहतो. त्याचबरोबर हृदय आणि श्रवणशक्तीवर औषधांचा परिणाम झाला आहे का, फुप्फुसात काही उगवत तर नाही ना, यासाठी वर्षानुवर्षे तपासणी लागते. ऑस्टिओसार्कोमात फुप्फुसातील मोजक्या गाठी वेळीच काढल्या, तर काही रुग्ण त्यानंतरही पूर्ण बरे होतात.

दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणांनी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र बसून एक पानाची सूचना तयार करावी: कोणते दुखणे, कोणती गाठ, कोणती तपासणी, आणि संशय आल्यास कोणाला फोन करायचा. ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, खासगी दवाखान्यात, एक्स-रे केंद्रात आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीत लावावी. मिरज आणि कराडच्या महाविद्यालयांनी आठवड्यातून एकदा अशा रुग्णांची एकत्र चर्चा ऑनलाइन ठेवावी आणि तीत मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांना सामील करून घ्यावे.

तोवर घरच्यांच्या हातात तीन प्रश्न आहेत. गाठ काढायचे ठरले, की शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी ते सरळ विचारावेत. डॉक्टर, हिचा एमआरआय झाला आहे का? हा कर्करोग निघाला तर पुढची शस्त्रक्रिया कोण करणार, आणि त्यांना आधी विचारले आहे का? काढलेला तुकडा कोणत्या प्रयोगशाळेत जाणार? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर पंधरवडाभर थांबून दुसरे मत घेण्याने सहसा जेवढे बिघडते, त्याहून फार अधिक घाईच्या एका छेदाने बिघडू शकते.